टारफुल्याची करणी

मारुतीच्या पारावर ज्वारीची दोन गाडगी ठेवली होती आणि ती बघायला सारं गाव लोटलं होतं. माती दोन्हींत देवरावच्याच वावरातली, जिथली ज्वारी टारफुला नावाच्या तणानं खाल्ली होती. पण एकात धाटाच्या बुडाशी टारफुला माजला होता, पांढरी फुलं मिरवत ज्वारीला शोषत होता. दुसऱ्यात औषधालाही तण नव्हतं, कारण ती माती देवरावने बोलावलेल्या भभूतीबाबांनी पेरणीआधी धुनीवर मंत्रून घेतली होती.

"देखो भाई, करणी जल गई!" बाबा गरजले. "जिचं वावर हिरवंगार, तिचीच ही करणी. ती गावात हाय तोवर देवरावले कणीस दिसनार नाई!"

साऱ्या माना पार्वताबाईकडे वळल्या. देवरावची ही विधवा वहिनी. शेजारच्याच वावरात तिची ज्वारी पुरुषभर उंच डोलत होती. आई गेल्यावर याच वहिनीने देवरावला घास भरवून वाढवलं होतं. पण डोळ्यांदेखतचं खोटं कसं म्हणायचं? तिला माहेरी धाडतो, असं त्याने साऱ्यांसमोर सांगून टाकलं.

तेवढ्यात शाळेतल्या विज्ञानाच्या दामिनी मॅडम तिसरं गाडगं घेऊन आल्या. त्यातही ज्वारी होती आणि टारफुला नव्हता.

"हे कोनत्या बाबानं मंत्रलं?" कोणीतरी विचारलं.

"माझ्या तव्यानं. बाबांनी माती नेली, त्याच दिवशी देवरावभाऊंच्या त्याच ढिगातली मीही आणली आणि चुलीवर भाजली. मंत्र नाही की तंत्र नाही. टारफुल्याचं बी तपकिरीसारखं बारीक असतं. भाजलं की मेलं."

लोक हसले. बाबा म्हणाले, "बाई, विज्ञान जिथं संपते, तिथून आमी सुरू होतो!"

"मग माती धुनीवर न भाजता नुसती मंत्रून दाखवा."

बाबांना एकाएकी अकोल्याच्या भक्तांची आठवण झाली. ते झोळी आवरू लागले.

देवराव मात्र हटेना. "मॅडम, बी तं वैनीच्या वावरातबी उडत असन. मंग माह्याच ज्वारीले काहून?"

"ज्वारीला खत टाकता?" मॅडमनी विचारलं.

"ज्वारीले कोन खत टाकते? सारं कपाशीले. अन् बैलाच्या कडब्यापुरती ज्वारी दरसाल हिरीजवळच्या त्याच तुकड्यात."

"तिथंच घोडं पेंड खातं," मॅडम म्हणाल्या. "स्फुरद हे खतातलं अन्न कमी पडलं की ज्वारीची मुळं मातीत एक रसायन सोडतात, स्ट्रायगोलॅक्टोन. जमिनीतल्या बुरशीला ती हाक असते, ये आणि मला स्फुरद आणून दे. बुरशी येतेच. पण वर्षानुवर्षं निजलेलं टारफुल्याचं बीही त्याच हाकेनं जागं होतं आणि मुळाला चिकटतं. उपाशी ज्वारी जास्त हाका मारते, म्हणून टारफुलाही जास्त."

"अन् वैनीचं?"

"पार्वताबाई ज्वारीला खत देतात आणि ज्वारीच्या तुकड्यात आलटूनपालटून कपाशी घेतात. कपाशीचं मूळही हाक मारतं, पण टारफुल्याला घरात घेत नाही. बी उगवतं आणि उपाशी मरतं."

देवरावला उमगलं. मुळं खत मागत होती, आणि त्याने बाबा आणला होता.

आता पार्वताबाई उठली. "देवराव, बाबा चुकला तं दुसऱ्या गावाले जाते. तू चुकला तं मी घर सोडावं, हा कोनता न्याव?"

त्याला रडू कोसळलं. तो तिचे पाय धरायला वाकला, तशी ती मागे सरली.

"पाय नोको धरू. माह्यावर आळ चारचौघांत घेतला ना? मंग चारचौघांतच बोल."

देवराव पारावर चढला. "टारफुला माह्या चुकीनं आला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "वैनीनं काईच नाई केलं. मी माती तपासली नाई अन् मानसावर आळ घेतला. तुमच्या वावरात काई बिघडलं तं आधी माती तपासा. घरातल्या बाईकडं बोट नोका दाखवू."

पार्वताबाईने डोळे पुसले आणि म्हणाली, "चाल आता घरी."