हवा नाही, सूत

बेबीबाईचा जन्म कोसा रेशीम सोडवण्यात गेला. कोष उकळायचे, धाग्याचं टोक शोधायचं, उघड्या मांडीवर वळत वळत ते रिळावर घ्यायचं. मांडीला घट्टा पडला होता. तसा घट्टा सुनेला पडू नये, हा बाईचा एकच हट्ट. म्हणून तर शेजारणींनी नाकं मुरडली तरी तिने तृप्तीला बी.एड. करायला लावलं.

आज अड्याळच्या शाळेत तृप्तीचा डेमो होता. इंग्रजीच्या शिक्षकाची जागा एक, उमेदवार तीन. बेबीबाई नातीला कडेवर घेऊन वर्गाच्या खिडकीबाहेर उभी होती. गप्प राहणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण आज तिने जीभ आवरून धरली होती.

तृप्तीने फळ्यावर धड्यातला शब्द लिहिला, अनवाइंड. “म्हणजे थकून आल्यावर निवांत होणे.”

पुढच्या बाकावरच्या पोरीने हात वर केला. “मॅडम, विंड म्हणजे हवा न? मंग हे हवा काढणे झालं का?”

वर्ग खिदळला. मागे बसलेले मुख्याध्यापक म्हणाले, “बरोबर विचारलं तिने. शब्द आला कुठून, ते सांगा.”

तृप्तीला सगळं येत होतं. कालच चुलीपाशी तिने सासूला समजावलं होतं, की स्पेलिंग तेच, पण हा वाइंड गुंडाळण्याचा. गुंडाळलेलं सुटलं की अनवाइंड, आणि मनाचे पीळ सुटले तरी अनवाइंडच. त्यावर बेबीबाई फणकारली होती, “जलमभर मी तेच करून राहिली. मले कुठं आराम भेटला?” आता मात्र ऐनवेळी काही आठवेना, आणि ती खडूने तोच शब्द पुन्हा पुन्हा गिरवत राहिली.

बेबीबाईने खिडकीतून हे पाहिलं. नात कोशाच्या सुताचं रीळ घेऊन खेळत होती. बाईने ते हिसकावलं, टोक मुठीत धरलं आणि रीळ खिडकीतून आत सोडून दिलं. ते बाकांमधून उलगडत गेलं आणि थेट तृप्तीच्या पायाशी थांबलं. बाहेर नातीने भोकाड पसरलं.

तृप्तीने रीळ पाहिलं, सासूची मूठ पाहिली आणि तिला हसूच फुटलं. “हवा नाही, सूत. हे गुंडाळलं, ते वाइंड. हे सुटलं, ते अनवाइंड. माणूसही दिवसभर असाच गुंडाळला जातो.”

“अन् घरी गेला का सुटते,” ती पोरगी म्हणाली.

तिन्ही डेमो झाले आणि नाव तृप्तीचं निघालं.

घरी येताच बेबीबाई सवयीने कोष घेऊन बसली. तृप्तीने ते काढून घेतले. “आई, आज तुमी अनवाइंड करा.”

“तेच तं करून राहिली.”

“ते नाही. दुसरं वालं.”

बेबीबाई पाय लांब करून भिंतीला टेकली. जरा वेळाने तिचा रिकामा हात आपसूक मांडीवर फिरायला लागला. तृप्तीने तो धरून ठेवला.

“हे तं मले शिकाच लागन,” बेबीबाई म्हणाली, “मॅडम.”