अर्धा बर्फकारखाना

छर्ऱ्यावरचा खड्डा डोळ्यांना दिसण्याआधी अंगठ्याला लागला. बेअरिंगमधला गोटीएवढा पोलादी छर्रा, बाकी सगळा आरशासारखा गुळगुळीत, आणि एकाच ठिकाणी नखाच्या टोकाएवढी खरखरीत जागा — एवढ्याशा खड्ड्यापायी चार दिवस कारखाना बंद. एकशे चाळीस माणसांची वस्ती, मासळीच्या अकरा होड्या, आणि सगळ्यांचं घोडं अडलंय ते इथे... त्यानं छर्रा खिडकीतल्या उजेडात धरून पुन्हा फिरवला. अंगठा बरोबर त्याच जागी अडखळला आणि त्याला उगाचच बरं वाटलं. छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीत गेली होती, त्यातली शेवटची आठ तर टेबलाशी बसून तपासणीच्या कागदांवर सह्या करण्यात. पण अंगठा काही विसरला नव्हता.

"सापडला का गुन्हेगार?" मागून थंडोबांनी विचारलं.

थंडोबा म्हणजे या बर्फाच्या कारखान्याचे मालक. त्यांचं खरं नाव वस्तीत कुणी घेत नसे. चाळीस वर्षं बर्फात हात घालून घालून त्यांची बोटं कायमची गार पडली होती, आणि कुणाच्या लेकराला ताप आला की आया त्यांना बोलावून कपाळावर हात ठेवायला लावत, म्हणून थंडोबा.

"हा घ्या." त्यानं छर्रा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"एवढुसा?"

"एवढुसाच असतो. मोठं असतं ते लगेच दिसतं."

हे आपण छर्ऱ्याबद्दल बोललो की दुसऱ्याच कशाबद्दल, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण थंडोबा तोवर गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, बाकावर बसले होते.

तो इथे आला होता आठ दिवसांसाठी, धाकट्या बहिणीकडे. वीस वर्षांपूर्वी ती या बेटावरच्या बोटवाल्याशी लग्न करून आली, आणि दर वर्षी तिचं एकच पालुपद — दादा, एकदा तरी ये. दर वर्षी त्याला काम असे. आता नोकरी संपून सहा महिने झाले होते, बायको जाऊन तीन वर्षं, मुलगी आपल्या संसारात. सबबी सांगून सांगून किती सांगणार? चौथ्या दिवशी सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्याला लांबून कारखान्याची घरघर ऐकू आली आणि त्या घरघरीच्या पोटात एक बारीक कण्हणं. तो तसाच उठून गेला आणि म्हणाला, "थांबवा हे. नाहीतर मोटर जाईल." थंडोबांनी एक शब्द न विचारता मशीन बंद केलं. त्याचंच त्याला जास्त आश्चर्य वाटलं. शहरात असं सांगितलं असतं तर आधी तीन अर्ज, मग दोन साहेब...

नवं बेअरिंग काल बोटीनं आलं. आज चारला तीच बोट परत निघणार होती, आणि तिच्यातून तो. पुढची बोट चार दिवसांनी.

बर्फ नसला तर काय होतं ते धक्क्यावरून दिसतं. समोर, दोनेक मैलांवर, दुसरं बेट आहे. तिथली घरं छप्पर नसलेली. बहिणीचा नवरा, बोटवाला, तिकडे हात करून म्हणाला होता, "तिथला कारखाना बारा वर्षांपूर्वी बंद झाला. आधी होड्या मोठ्या बंदराला जायला लागल्या. मग बायका-पोरं गेली. मग मास्तर. शेवटी कुत्रीसुद्धा माझ्याच बोटीतून गेली, दादा." कुत्र्यांबद्दल सांगताना तो हसला होता, आणि लगेच दुसरीकडे बघायला लागला होता.

आणि परवा जेवताना थंडोबांनी विषय काढला. गुडघे गेले, निम्मा कारखाना कुणाला तरी द्यायचा आहे. "पैसेवाले तीन येऊन गेले, मेव्हणे," ते म्हणाले. बोटवाल्याचा मेव्हणा म्हणून सगळी वस्तीच त्याला मेव्हणे म्हणायला लागली होती. "एकानं फोटो काढले. दुसऱ्यानं विचारलं, हा वास घालवता येईल का. तिसरा म्हणाला, मशीन काढून टाकून इथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधू. मला पैसेवाला नकोच. कान असलेला माणूस हवाय. पैसे काय, तुम्हाला जमतील तसे घाला."

"मी लिफ्टवाला माणूस. वर आणि खाली, एवढंच मला कळतं."

"मग पंचाईतच आहे. इथे वर म्हणजे पाण्याची टाकी आणि खाली म्हणजे समुद्र."

सगळे हसले. तोही हसला. पण बहीण हसता हसता त्याच्याकडे बघत होती — लहानपणी मोठ्या भावाच्या खिशात काहीतरी आहे हे ओळखून बघायची, तशी — आणि त्यानं मान खाली घालून पानातलं संपवलं. तिला काय सांगायचं? की मशीनला मी भीत नाही, मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला भितो?

बेअरिंग बसवून झालं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. आता पट्टे चढवायचे, चाक आणि मोटर एका रेषेत आणायची. थोडं सरकवा, क्षणभर चालवून बघा, बंद करा, पुन्हा सरकवा — चिकाटीचं काम. मोठं चाक आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस आडवं शिरेल एवढी फट. तो शिरायला गेला आणि पोटाशी अडकला.

"आठ वर्षं खुर्ची," थंडोबा म्हणाले. "पोटावर बर्फासारखीच जमते हो ती."

"मी जाते की," मास्तरीणबाई म्हणाल्या.

या वस्तीत एका कामावर कुणाचं भागत नाही. नर्स केस कापते, बोटवाला टपाल वाटतो, आणि मास्तरीणबाई दुपारपर्यंत नऊ पोरांना शिकवतात आणि मग कारखाना सांभाळतात. चाळिशीच्या, किरकोळ अंगाच्या, मनगटावर अजून खडू लागलेला. त्यांनी पदर खोचला, पाना घेतला आणि फटीतून सरळ आत गेल्या. "तुम्ही पलीकडे स्विचपाशी उभे राहा. मी सांगते कधी चालवायचं ते."

स्विच भिंतीच्या पलीकडच्या खोलीत होता. तिथून चाक दिसत नव्हतं, बाई दिसत नव्हत्या. खालच्या खडकांवर लाटा फुटत होत्या आणि पत्र्याच्या छपरावर वारा थडथडत होता. तो उभा राहिला. उजवा हात स्विचच्या दांड्यावर. लाकडी मूठ, तेलकट, हाताला अगदी ओळखीची.

"चालू!" भिंतीपलीकडून आवाज आला.

हात हलला नाही.

"चालू करा!"

...चालू करू. असेच दोन शब्द. चौदा मजले खाली लिफ्टच्या खड्ड्यात जोडीदार, आणि मशीनच्या खोलीत मी. एकोणीस वर्षांची जोडी. तो शिंकला तरी मला कळायचं काय बिनसलंय ते. खाली दारात भाडेकरू ताटकळलेले, साहेबाचा फोन तिसऱ्यांदा वाजतोय, आणि खालून आवाज — चालू... करू. मी दाबलं. तो म्हणाला होता, "चालू नको करू." मधला एक शब्द चौदा मजल्यांत कुठेतरी भिंतीला लागून पडला. नको. दोन अक्षरं. त्याच्या डाव्या हाताची चार बोटं. तो वाचला, कुलुपांच्या दुकानात गल्ल्यावर बसतो, दर वर्षी न चुकता फोन करतो आणि म्हणतो, "तुझी चूक नव्हती रे," आणि फोन ठेवल्यावर मी तासभर नुसता बसून राहतो, कारण त्यानं एकदा तरी शिव्या घातल्या असत्या तर...

"मेव्हणे?" मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या. नाकावर वंगणाचा ठिपका. "ऐकू येत नाहीये का?"

ऐकू आलं, असं तो म्हणाला. मग म्हणाला, "ऐकू आलं असं वाटलं." आणि मग, कसं कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. मुलीला नाही, बहिणीला नाही, बायकोलासुद्धा अर्धवटच सांगितलेलं, ते या परक्या बाईला, हात अजून स्विचवर ठेवून, पाच-सहा वाक्यांत. सांगायला इतकाच वेळ लागतो? आठ वर्षं वाटत होतं, एकदा सुरू केलं की दिवस पुरायचा नाही.

बाई काही "अरेरे" म्हणाल्या नाहीत. वर्गात एखादं गणित चुकीचं मांडलेलं दिसावं तसं त्यांनी कपाळाला आठी घालून विचार केला. "चालू आणि चालू नको... एकच शब्द दोन्हीकडे. हे चूकच आहे मुळी. नऊ पोरं एकदम ओरडतात ना, तेव्हा मी वाक्यं बंदच करते." त्या पुढे झाल्या आणि स्विचच्या डबीतला चिनीमातीचा फ्यूज त्यांनी ओढून काढला. "हा माझ्या खिशात. मी आत आहे तोवर तुम्ही दांडा दाबा, ओढा, त्यावर बसा, काही व्हायचं नाही. बाहेर आले की तुमच्या हातात देईन. हातात. ओरडायचं नाहीच."

"दर वेळी काढायचा आणि घालायचा? दहा-दहा वेळा करावं लागेल."

"मग दहा वेळा. पोरं घरी गेली, मला काय घाई आहे?"

खड्ड्यात उतरण्याआधी स्वतःचा फ्यूज स्वतःच्या खिशात — हे शिकाऊ पोरांना तोच शिकवत असे, पहिल्या दिवशी, बोट नाचवून. आणि त्या दिवशी दोघांनाही वेळ नव्हता. कुणालाच वेळ नव्हता. चूक माझी होती, थोडी त्याची, थोडी त्या फोनची... आठ वर्षांत पहिल्यांदाच त्याला ती चूक अशी वाटून मांडता आली, आणि मांडल्यावर आपल्या वाट्याची नाहीशी झाली नाही हेही दिसलं. ती होतीच. फक्त आता तिला कडा होत्या. हातात धरता येईल एवढी होती.

अकरा वेळा करावं लागलं. अकरा वेळा बाई फटीतून बाहेर आल्या, ऊबदार झालेला फ्यूज त्याच्या तळहातावर ठेवून बाजूला उभ्या राहिल्या; अकरा वेळा त्यानं आधी त्यांचे दोन्ही हात बघितले, मग फ्यूज बसवला, मग दांडा दाबला. पाचव्या वेळी बाईंनी विचारलं, "लिफ्टमध्ये आरसा कशाला असतो हो?" त्यानं सांगितलं, "माणसं स्वतःला बघत बसली की वेळ लागतोय म्हणून कुरकुरत नाहीत," आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की थंडोबा काठी टेकत बघायला आले. आठव्या की नवव्या वेळी आपण हात बघितले की नाही हे त्याला आठवेना, आणि त्यानं दचकून पुन्हा बघितले. अकराव्या वेळी पट्टे सरळ धावले.

थंडोबांनी गार बोटं मशीनच्या अंगाला लावली आणि डोळे मिटले. "कण्हत नाही," ते म्हणाले. मग, डोळे न उघडताच, "काय मग, मेव्हणे?"

"बर्फ कधी धरेल?" त्यानं विचारलं.

"डब्यांत पाणी आता भरतो. उद्या दुपारी."

त्यानं पाना पुसून जागेवर ठेवला, आणि थंडोबांनीही विषय पुढे ओढला नाही.

फोन फक्त पाण्याच्या टाकीपाशी लागतो. तो टेकडी चढून गेला तेव्हा साडेतीन झाले होते आणि दम लागला होता. मुलीनं पहिल्याच रिंगला उचलला.

"निघालास ना, बाबा? आत्या काहीतरी कारखान्याचं म्हणत होती. म्हटलं, आता याला कुणीतरी गळ घातलेली दिसतेय."

"निम्मा देतायत."

"आणि दवाखाना? तिथे एक नर्स आहे ना फक्त?"

"ती केसही कापते."

"बाबा!" ती रागावली, आणि मग तिला हसू आलं, आणि ते तिनं दाबलेलं त्याला ऐकू आलं. "खरं सांग. तू विचार करतोयस?"

खाली पत्र्याचं लांब छप्पर उन्हात पांढरं दिसत होतं. घरघर इथवर येत होती, एकसारखी. बहीण धक्क्याकडे निघाली होती, हातात त्याची पिशवी — आणि दुसऱ्या हातात कसला तरी डबा, प्रवासासाठी. पिशवी भरली तिनंच, पण पावलं अशी रेंगाळत टाकत होती, जणू बोट चुकली तर बरं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"तुझा आवाज वेगळा येतोय."

"वारा आहे इथे."

"वाऱ्यानं नाही." मग हळूच, "माहीत नाही म्हणजे नाही असं म्हणतोस तू नेहमी. आज तसं नाही वाटलं."

बोटीनं पहिला भोंगा दिला. बोटवाला दर वेळी तीन देतो, आणि तिसऱ्यानंतरही पाच मिनिटं थांबतो, हे सगळ्या वस्तीला माहीत आहे. त्यानं मुलीला, नंतर बोलतो, असं सांगून फोन खिशात टाकला आणि उतरायला लागला. मोटरखालचे पायाचे बोल्ट गंजलेत, ते बदलायला हवेत. फटीतली भिंत हातभर मागे घेता येईल का? बाईंना दर वेळी आडवं शिरावं लागतं... बदलायला हवेत, पण कुणी? या 'कुणी'पाशी पूर्वी विचार तिथेच थांबत असे. त्यानं वाट बघितली. भीती आली, नेहमीसारखीच, आपल्या जागी येऊन बसली; पण तिच्याशेजारी आणखीही कोणीतरी बसलेलं होतं, अधीर, पाय हलवत, उद्याची दुपार कधी होतेय म्हणून विचारत. किती वर्षांनी कुणी त्याच्याजवळ उद्याची चौकशी करत होतं.

दुसरा भोंगा झाला. तो घाईनं उतरत होता, हे खरं. धक्क्याकडे की कारखान्याकडे, ते वाट जिथे फुटते तिथे पोचल्यावर बघू, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि मोठ्यानं श्वास सोडून चालत राहिला.