अध्यक्षांच्या गळ्यातली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. स्वभावाने गरीब दिसते, पण डूख धरते.

माझा जन्म कारखान्यात झाला. काचा घासणाऱ्या कारागिराने मला उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाला, "झकास!" तेवढ्या कौतुकावर मी वीस वर्षं काढली. मला विकत घेतलं एका शिंपीणबाईंनी. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्या चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत आणि हिवाळ्यात पक्षी मंडळासाठी तळ्यावरची बदकं मोजत. मावशींचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ.

दोन हिवाळ्यांपूर्वी रानात मंडळाच्या अध्यक्षांनी घुबड पाहायला मला मागून घेतलं आणि झाडाच्या मुळावर आपटलं. मग रुमालाने पुसून गुपचूप पेटीत ठेवलं. साक्षीला एक सुतारपक्षी होता, तोही डोकं आपटण्यात गुंतलेला.

माझ्या आतली काच सरकली. एकाचे दोन दिसू लागले. एका झाडाची दोन झाडं झाली तर माणूस सावध होतो. पण पाण्यात बदकाशेजारी बदक दिसलं तर कोणाला काय वाटणार? मावशींनी बारा चक्रवाकांचे चोवीस लिहिले.

चहाच्या वेळी आकडे वाचले गेले. बाकी सगळ्यांचे बाराच होते. अध्यक्ष हसून म्हणाले, "मावशी, डोळे पिकले हो तुमचे. आता तुम्ही चहाचं बघा."

गोष्ट गावभर झाली. बारीक शिवणीचे कपडे दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. मावशी दिव्याखाली सुई धरून स्वतःलाच तपासत बसायच्या. मला तोंड असतं तर! मी पेटीत पडून दात नसताना दात खात राहिले.

यंदा गणनेला मावशी किटली घेऊन आल्या, सवयीने मला गळ्यात अडकवून. तळ्यावर कधी नव्हे तो हंस उतरला होता. बातमीदार हजर. अध्यक्षांची नवी दुर्बीण मोटारीत राहिलेली. त्यांनी मला ओढून घेतलं. मित्रांनो, मी मुद्दाम काही केलं नाही. होतं तेच, माझ्या पद्धतीने दाखवलं.

"जोडी आहे!" अध्यक्ष ओरडले. "लिहून घ्या! नर पुढे, मादी जरा मागे. लाजतेय."

"साहेब, मला एकच दिसतोय," बातमीदार म्हणाला.

"मलाही," मावशी म्हणाल्या. "अध्यक्ष, तुमचेही पिकले की काय?"

"माझे डोळे ठणठणीत आहेत! ही दुर्बीणच पडल्यापासून..." अध्यक्ष थांबले.

"कधी पडली?" मावशींनी गिऱ्हाइकाला माप विचारावं तसं विचारलं.

अध्यक्षांनी हंसाकडे पाहिलं. हंसाने पाठ फिरवली. शेवटी त्यांना सगळ्यांसमोर सगळं सांगावं लागलं, आणि बातमीदार लिहून घेतच होता.

"भरून देतो," ते पुटपुटले.

"छे, भरून कशाला? ही तुम्ही ठेवा, तुमची मला द्या. आणि किटली धरा."

तेव्हापासून मी अध्यक्षांच्या गळ्यात आहे. मावशी तळ्यावर मोजतात. बारीक शिवणही परत आलीय. अध्यक्ष मला दोनदा दुरुस्तीला न्यायला निघाले. दोन्ही वेळा मावशी म्हणाल्या, "राहू द्या हो, घाई काय आहे?"

मित्रांनो, मागून आणलेली वस्तू हातून पडली, तर त्याच दिवशी सांगून टाका. आम्ही माफ करतो. पण पुसून ठेवलीत, तर मलाही काही घाई नाही.