'मेले!' आणि मैदानाकाठचा बाक

बसा मित्रांनो, बसा. फक्त डाव्या कोपऱ्यात बसू नका. तिथला एक खिळा वर आला आहे आणि शाळेच्या गणवेशाशी त्याचे जुने वैर आहे. हां, असे. मी एक जुना बाक आहे. तसे माझे वय फार नाही, पण हॉकीच्या मैदानाकाठी लाकूड लवकर म्हातारे होते.

माझ्या फळ्या एके काळी एका पेटीच्या होत्या. पन्नास साल उलटून काही वर्षे झाली होती. बेंगळुरात यशवंतपूरच्या बाजूला विजेचे मीटर बनवणारा नवा कारखाना उभा राहत होता. विलायतेहून यंत्रे येत ती खोलीएवढ्या लाकडी पेट्यांतून. यंत्रे आत गेली आणि पेट्या बाहेर पावसात राहिल्या. तेव्हा बेळगावकडून आलेल्या परसू सुताराला त्यांची दया आली. त्याने फळ्या सोडवल्या, रंधा मारला आणि माझा बाक केला. एका फळीवर मोठा काळा बाण होता. पेटीची कुठली बाजू वर ठेवायची ते सांगणारा तो बाण रंध्याने काही निघेना. परसू म्हणाला, "राहू दे. तीट लागली समज." फळी आडवी बसली, तसा वर बघणारा तो बाणही आडवा झाला.

मला ठेवले कारखान्याच्या मैदानाकाठी, एका मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली. तांबडी माती, चुन्याच्या रेषा, पलीकडे रुळांवरून जाणाऱ्या मालगाड्या. जानेवारीतल्या सकाळी धुके इतके दाट असे की चेंडू आधी ऐकू येई आणि मग दिसे. दुपारच्या सुट्टीत कामगार माझ्यावर बसून डबे खात, शेंगा सोलत, एकमेकांची टिंगल करत. कुणी कन्नड बोले, कुणी मराठी. दोन्ही भाषा माझ्यावर शेजारीशेजारी बसत आणि मला हळूहळू दोन्ही समजू लागल्या. माणसांपेक्षा मला हे सोपे गेले, कारण मला मध्येच बोलायचे नसे.

आता तुम्हाला त्या काळची एक गोष्ट सांगायला हवी. हॉकी खेळण्याचा पगार तेव्हा कुणाला मिळत नसे. पगार मिळे तो कारखान्यात काम करण्याचा, पण कारखान्यात घेतले जाई ते मात्र हॉकीसाठी. सकाळी सराव, दिवसभर मीटर तपासणे आणि रविवारी सामना. आमच्या कारखान्याने मुलींचाही संघ काढला होता. त्यामुळे वर्षातून एकदा, निवडीच्या सामन्याच्या दिवशी, माझ्यावर बसणारा प्रत्येक जण ज्योतिषी होई. कुणी मुलींच्या पोटऱ्या पाहून भविष्य सांगे, कुणी मनगट पाहून. एक गृहस्थ तर खेळाडूच्या आईकडे बघून सांगत, "ही पुढे जाड होणार."

या सगळ्यांत मान होता तो रत्नाकर आगटे यांना. ते पुण्याचे. कारखान्यात इंजिनियर आणि मुलींच्या संघाची निवड करणारे. कॉलेजात असताना स्वतः हॉकी खेळलेले. त्यांची पद्धत निराळी होती. थोडा वेळ खेळ पाहिला की ते डोळे मिटून घेत आणि नुसते ऐकत. म्हणत, "पाय फसवतात. दम फसवत नाही. जी मुलगी पहिल्या अर्ध्यात कुरकुर करते, ती दुसऱ्या वर्षी घरी बसते." हे त्यांचे भाकीत बऱ्याचदा खरे ठरले होते. त्यामुळे त्यांनी 'नको' म्हटले की विषय संपे.

त्यांच्या शेजारी बसत जयतीर्थ. ते कारखान्याच्या क्रीडा विभागाचे सचिव. जन्म बेंगळुरातला, बोली कन्नड. मराठीचा त्यांना गंध नव्हता आणि आगट्यांना कन्नडचा नव्हता. दोघे आपापल्या परीने हिंदी बोलत. ती हिंदी ऐकून पर्जन्यवृक्षावरचे कावळेसुद्धा गप्प होत.

बासष्ट सालच्या जानेवारीत निवडीच्या सामन्याला राजलक्ष्मी आली. मानसिंग जाधवांची मुलगी. तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर जी घरे इकडे आली आणि इथलीच झाली, त्यांतले तिचे घर. ती घरी मराठीच बोले, पण त्या मराठीत कन्नड शब्द इतके मिसळले होते की कुठला कुठून आला हे तिला स्वतःलाही सांगता आले नसते. शाळेचे हे तिचे शेवटचे वर्ष. मार्चमध्ये शाळा संपली की शाळेचा संघही संपणार होता, आणि शाळा सोडलेल्या मुलीला खेळायला जागा होती ती एवढीच, आमच्या कारखान्याची. इथे निवड झाली तर हॉकी राहणार. नाहीतर स्टिक माळ्यावर जाणार.

ती सेंटर हाफला खेळत होती, म्हणजे मैदानाच्या मधोमध. चेंडू अडवायचा आणि पुढच्यांना द्यायचा, हे तिचे काम. डाव्या कडेला तिच्यापुढे होती यल्लव्वा, सगळ्यांची यल्लक्का, वाऱ्यासारखी पळणारी, पण चेंडू येईपर्यंत उभी राहून वेणी सारखी करणारी. राजलक्ष्मीने पहिला चेंडू अडवला आणि ओरडली, "मेले, यल्लक्का, मेले!"

मित्रांनो, कन्नडमध्ये 'मेले' म्हणजे वर. वर जा, पुढे पळ, चेंडू येतो आहे. यल्लव्वा वेणी सोडून पळाली आणि चेंडू बरोबर तिच्यापुढे जाऊन पडला.

पण आगट्यांनी डोळे मिटले होते. आपल्या मराठीत एखादी बाई 'मेले गं बाई!' म्हणते तेव्हा काय म्हणते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांनी भुवया उंचावल्या. थोड्या वेळाने पुन्हा आले, "मेले! मेले!" त्यांनी मान हलवली. आणखी थोड्या वेळाने, अगदी जिवाच्या आकांताने, "यल्लक्काऽ, मेलेऽ!" तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि उसासा टाकला. इकडे माझ्या फळ्या तडतडत होत्या, पण बाकाचे तडतडणे कोण ऐकतो?

मध्यंतराला ते जयतीर्थांना म्हणाले, "वो सेंटर हाफ नहीं चलेगी."

"याके साब? हुडुगी अच्छा खेलता है," जयतीर्थ म्हणाले. याके म्हणजे का, हुडुगी म्हणजे मुलगी.

"खेलती अच्छा है. दम नहीं है. खुद बोल रही है, मर गई, मर गई."

"कब बोला?"

"कितनी दफा! जोर जोर से बोली."

जयतीर्थांनी कान खाजवला. "हमको तो नहीं सुना. तुम लोग का भाषा में बोला होगा."

"हमारी ही भाषा में बोली. इसीलिए तो बुरा लगता है. हमारी है करके मैं उसको ले नहीं सकता."

"सरी," जयतीर्थ म्हणाले. सरी म्हणजे ठीक. "तुम्हारा भाषा, तुमको मालूम."

पाहिलेत ना? जयतीर्थांनी तिची एकेक हाक ऐकली होती. पण त्यांच्या कानाला ती साधी कन्नड होती, तिच्यात तक्रार कुठली ऐकू येणार? आणि ज्यांना तक्रार ऐकू आली, त्यांना ती परकी भाषा आहे हेच ठाऊक नव्हते.

निवडीच्या सामन्यात खेळाडू बदलत. दुसरा अर्धा सुरू झाला तेव्हा राजलक्ष्मीच्या जागी दुसरी मुलगी गेली आणि राजलक्ष्मी माझ्यावर येऊन बसली, आगट्यांच्या शेजारीच. हातात संत्र्याची फोड होती, ती तशीच राहिली. मित्रांनो, दमलेला माणूस बसतो तेव्हा त्याचे सगळे वजन एकदम बाकावर येते. ती बसली तेव्हा माझ्यावर अर्धेच वजन आले. उरलेले अर्धे अजून मैदानावर होते.

खेळ तिच्या डोळ्यांसमोर विस्कटू लागला. नव्या सेंटर हाफकडे चेंडू आला आणि यल्लव्वा आपली उभी, वेणीशी खेळत. राजलक्ष्मीला राहवेना. बसल्या जागेवरून ती इतक्या जोरात ओरडली की आगट्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"मेले, यल्लक्का, मेले!"

आगटे वळून बघतच राहिले. "अगं, बसून कशी मेलीस?"

"कोण मेलं ओ अण्णा?"

"तूच! मघापासून मेले, मेले चाललंय तुझं."

"मी कशाला मरू? यल्लक्काला सांगते की. मेले जा म्हणून."

"मेले जा? म्हणजे मरायला जा?"

तिने तोंडावर हात ठेवला. "अय्यो देवा! मरायचं झालं तर मी 'मेली' म्हणेन की. 'मेले' कोण म्हणतं?"

"आम्ही म्हणतो. पुण्याच्या बायका म्हणतात."

"पुण्यात मरायचं पण वेगळं आहे काय?"

आगट्यांना हसावे की रागवावे ते कळेना. "मग मेले म्हणजे काय, ते तरी सांग."

आता ती अडली. तिला दुसरा शब्द सुचेना. तिच्या घरात मांजर माळ्यावर चढले तर ते 'मेले' बसे आणि पतंगही 'मेले' उडे. तिच्यासाठी तो मराठीच शब्द होता. शेवटी तिला माझ्या फळीवरचा काळा बाण दिसला. तिने त्यावर बोट ठेवले आणि मैदानाच्या दूरच्या गोलाकडे हात केला. "हे. असं. तिकडं."

जयतीर्थ इतका वेळ तोंड उघडे टाकून ऐकत होते. आता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "मेले? मेले मतलब ऊपर, साब! आगे! तुम लोग का भाषा में क्या है?"

"मर गई," आगटे हळूच म्हणाले.

जयतीर्थ असे गदगदा हसले की माझा एक पाय कायमचा कुरकुरायला लागला. आगटे मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि राजलक्ष्मीकडे पाहिले. ती घामाने भिजली होती, पण तिचा श्वास शांत होता. हे त्यांना इतक्या जवळ बसूनही आत्ता ऐकू आले.

"ऊठ," ते म्हणाले. "जा."

"कुठं?"

"मेले."

संत्र्याची फोड माझ्यावर टाकून ती पळाली.

तुम्हाला वाटेल, आता तिने गोलामागून गोल केले असतील. तसे झाले नाही. वेळ थोडा उरला होता. तिचा पहिला फटका रेषेबाहेर गेला. दुसऱ्या वेळी तिने हाक दिली, यल्लव्वा पळाली, पण चेंडू मध्येच समोरच्या मुलीने काढून घेतला. तिसऱ्या वेळी जमले, पण यल्लव्वा गोलासमोर घसरून पडली. शिट्टी वाजली. राजलक्ष्मी मैदानात तशीच उभी राहिली. आपली वेळ गेली असेच तिला वाटत होते, हे लांबूनही दिसत होते.

जयतीर्थांनी विचारले, "तो, ज्योतिषी? हुडुगी कितना साल खेलेगा?"

एरवी आगट्यांचे उत्तर तयार असे. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "नहीं बता सकता."

"तो छोड दें?"

"नहीं, लेंगे. जिसको ठीक से सुना ही नहीं, उसको 'नहीं' कैसे बोलूँ?"

राजलक्ष्मी एप्रिलमध्ये कामावर आली. दिवसा मीटरचे काटे तपासायची, सकाळी धुक्यात सराव करायची. पहिल्या वर्षी ती बऱ्याचदा माझ्यावरच बसून असे. कारखान्यात कुजबुज झाली की आगट्यांचा नेम या वेळी चुकला. दुसऱ्या वर्षी तिची जागा पक्की झाली. गोल तिने फार केले नाहीत. पण तिच्यापुढे ज्या कुणी खेळल्या, त्यांनी केले, आणि वर्तमानपत्रात त्यांची नावे आली. यल्लव्वाचे तर छायाचित्रही आले. राजलक्ष्मी ते कापून डब्यात घालून हिंडत होती, जणू स्वतःचेच आहे. दरवर्षी जयतीर्थ आगट्यांना चिडवत, "अब बताओ, कितना साल?" आणि आगटे म्हणत, "उसी को पूछो." ते आता सामना डोळे उघडे ठेवून बघत. स्वल्प कन्नडही शिकले होते. पण त्यांचे उच्चार ऐकून राजलक्ष्मी म्हणे, "अण्णा, तुम्ही हिंदीच बोला."

मग मैदानाकाठी पक्के छप्पर आले, त्याखाली लोखंडी खुर्च्या आल्या. मला उचलून गुदामामागे ठेवले. आगट्यांची बदली झाली. पर्जन्यवृक्षाची सावली आता त्या छपरावर पडते. मी पावसात भिजतो, उन्हात तडकतो. वाळवीने माझा मागचा पाय पाहून ठेवला आहे. तक्रार नाही. फक्त जाता येता कुणी मला छपराखाली ओढले आणि एकदा तेलाचा हात फिरवला, तर अजून पुष्कळ जणांना बसवीन.

आणि मित्रांनो, कधी तुमच्या वर्गात, तुमच्या संघात कुणी नवीन येईल. ते कसे निघेल हे तुम्हाला लगेच सांगावेसे वाटेल. सांगू नका असे मी म्हणत नाही, सांगण्यात मजा असते. पण त्याचा एखादा शब्द कानाला विचित्र लागला तर आधी शेजारी बसा आणि विचारा, "अरे, म्हणजे काय?"

मला इथून मैदान दिसत नाही. ऐकू मात्र सगळे येते. राजलक्ष्मी अजून खेळते, आता नव्या मुलींना शिकवतेही. रोज सकाळी धुक्यातून तिची हाक येते. पाठोपाठ कुणाचे तरी धावते पाय ऐकू येतात. मग फटका. त्यापुढे चेंडू पोचला की नाही, ते मला कळत नाही. कुणी येऊन सांगेपर्यंत मी वाट पाहतो.