सफसारीचा उजेड

१९७२ सालचा सप्टेंबर होता. त्या वर्षी मिरची एवढी आली होती की तूनिस शहरापासून दोन तासांवरच्या आमच्या कोर्ब्यात, समुद्रकाठच्या त्या गावात, कुणाच्याही घराची भिंत दिसत नव्हती. अंगणात उंबऱ्यापासून गच्चीपर्यंत नुसत्या लाल माळा. या मिरच्यांनीच आमचा घात केला, म्हणून साल विसरणं शक्य नाही.

मी बावीस वर्षांची होते आणि गावातल्या हौशी सिनेमा क्लबाची दिवे-प्रमुख होते. हा हुद्दा मला सी तिजानींनी, म्हणजे तिजानी सरांनी, दिला होता. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी दिग्दर्शक असायचे. माझ्या हाताखाली माणूस कुणी नव्हतं. टोमॅटोच्या कारखान्यातून मागून आणलेले पाच-पाच किलोचे सात रिकामे डबे होते. डब्याच्या तळाला भोक पाडायचं, त्यात बल्ब बसवायचा, आतून सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवायची, की झाला दिवा. चांदी कमी पडू नये म्हणून आमचा कॅमेरावाला हाशमी दिवसाला दोन पाकिटं ओढायचा. "कलेसाठी," म्हणायचा, आणि खोकायचा.

सिनेमा दुःखी होता. आमचे सगळेच सिनेमे दुःखी असत. यात मुलगा फ्रान्सला जातो आणि आई त्याच्या पत्राची वाट बघते. समुद्रावरचं सगळं झालं होतं, तिथे सूर्य फुकट होता. उरला होता एकच प्रसंग. आई अंधाऱ्या खोलीत खिडकीशी बसून पत्र उघडते आणि रडते. खोली माझ्या मावशीची, महबूबाची, आणि सिनेमातली आईही तीच. आमच्याकडे मावशीला 'खालती' म्हणतात, आणि सगळा क्लब तिला खालती महबूबाच म्हणायचा. मला लहानपणापासून तिनेच वाढवलं, त्यामुळे आपल्याला विचारल्याशिवाय मी पाणीसुद्धा पीत नाही अशी तिची समजूत होती.

पहिलं रीळ तूनिसहून धुऊन आलं ते काळं ठिक्कर. दुसऱ्या वेळी उजेड मऊ पडावा म्हणून मी मावशीचं कुसकुस वाफवायचं भोकांचं भांडं दिव्यापुढे धरलं. चेहरा दिसला, पण त्यावर गोवर उठला होता.

"आई मुलाच्या आठवणीने झुरते आहे," सी तिजानी म्हणाले, "की तिला साथीच्या दवाखान्यात न्यायचंय?"

आता शेवटचं रीळ उरलं होतं, पावणेतीन मिनिटांचं. ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तूनिसला गेलं नाही, तर क्लबांच्या मेळ्यात आमचा सिनेमा नव्हताच. सी तिजानींनी मला बाजूला घेतलं.

"दलन्दा, या वेळी चेहरा दिसला तर पुढचा सिनेमा तुझा. कॅमेरा तुझ्या हातात देतो. नाही दिसला, तर तू पुन्हा चहाच्या किटलीपाशी."

मला तो कॅमेरा इतका हवा होता की मी स्वप्नातसुद्धा त्याची चावी फिरवत असे.

खिडकी अंगणात उघडत होती. अंगणाच्या भिंती चुन्याच्या, पांढऱ्या. त्यांच्यावरून ऊन परतून आत आलं असतं, तर दिव्यांची गरजच नव्हती. पण भिंतींवर मिरच्या होत्या, आणि मिरच्या उजेड गिळतात.

"खालती, एक तासभर माळा उतरवू का?"

"उतरव ना. आधी मला उतरव कबरीत, मग मिरच्या उतरव. अख्ख्या वर्षाच्या चटणीची, हरीसाची मिरची आहे ती!"

म्हणून मी लारबीचाचांकडे गेले. ते लग्नाला खुर्च्या आणि दिव्यांच्या माळा भाड्याने देत. मंगळवार, मोकळा दिवस. त्यांनी फुकटात दिल्या, वर स्वतः लावून देतो म्हणाले. मी सांगितलं, माळा अंगणात खिडकीसमोर हव्यात. पण चाळीस वर्षांचा हात कुणाचं ऐकतो का? मी आत डबे मांडत होते तेवढ्यात चाचांनी पहिली माळ रस्त्यावरच्या दारावर कमानीसारखी टांगली, दुसरी गल्लीत सोडली, उरलेली अंगणात आणली. दारातल्या दोन कुंड्यांना रंगीत कागदही गुंडाळला. मग ते जेवायला निघून गेले.

दुपारचे तीन वाजले होते. आत सी तिजानी मावशीला शेवटचं बजावत होते.

"खालती महबूबा, कॅमेरा घरघरायला लागला की हलायचं नाही. खिडकीबाहेर बघायचं नाही. बोलायचं नाही. छत कोसळलं तरी."

"आणि रडायचं कधी?"

"पत्र उघडल्यावर."

"मला रडूच येत नाही. पत्रात काही लिहिलेलंच नाही, कोरा कागद आहे तो!"

मी बटण दाबलं. माळा लागल्या, डबे लागले, खोली एकदम उजळली. हाशमी म्हणाला, "वा!" आणि त्या 'वा'बरोबर फट् करून फ्यूज उडाला. आमचाच नव्हे, सबंध गल्लीचा. समोरच्या सुताराचं यंत्र बंद पडलं आणि त्याने आमच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

मी अंगणात येऊन त्या मेलेल्या बल्बांकडे बघत उभी राहिले. किटली डोळ्यांपुढे नाचत होती. तेवढ्यात दारातून जीभ नाचवत काढलेला लांबलचक ज़गरूता ऐकू आला, लग्नघरी बायका आनंदाने काढतात तसा.

"मुबारक! मुबारक! अगं चोरटे, पत्ता लागू दिला नाहीस!"

शेजारची लल्ला गमरा, म्हणजे गमराबाई, पुढे, हातात साखरेतल्या बदामांचं ताट, मागे तिची मुलगी सासिया, आणि मागे सबंध गल्ली. दारावर लारबीच्या माळा म्हणजे त्या घरात लग्न, हे कोर्ब्यात तान्हं मूलही सांगेल. बावीस बायका, प्रत्येकीच्या अंगावर डोक्यापासून पोटरीपर्यंत लपेटलेली पांढरी रेशमी सफसारी. सावलीच्या बाजूला माझ्या वायरींचा गुंता होता, म्हणून सगळ्या उन्हात उभ्या राहिल्या, खिडकीच्या बरोबर समोर.

आणि आतून हाशमीचा आवाज आला, "दलन्दा! काय केलंस? हात नको लावूस! तसंच ठेव!"

मी वळून पाहिलं. बावीस सफसाऱ्यांवरचं ऊन खिडकीतून आत गेलं होतं. मावशीच्या चेहऱ्यावर दुधावरच्या सायीसारखा मऊ उजेड पसरला होता. तिच्या हनुवटीवरचं जुनं गोंदणसुद्धा दिसत होतं.

"लग्न नाही हो," म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. लग्न नाही म्हटलं तर त्या घरी जातील, आणि उजेडही त्यांच्याबरोबर जाईल. पण त्या थांबल्या तरी पंचाईत होतीच. दुसरीच्या घरात आलं की बाई आधी सफसारी उतरवते. लल्ला गमराने खांद्यावरून काढायला सुरुवात केली. आत निळा झगा. दुसरीने काढली, आत काळा. खोलीतला उजेड पायरी पायरीने उतरू लागला.

"दिवा विझतोय!" हाशमी ओरडला.

"आत पुरुष आहेत!" मी किंचाळले.

फडफड झाली. बावीस सफसाऱ्या एका झटक्यात डोक्यावर गेल्या. दोन्ही हातांनी ताणून धरलेल्या, आधीपेक्षा दुप्पट रुंद. खोली लख्ख! आत कॅमेरा घरघरू लागला.

"कोण पुरुष?" गमराने कापडाआडून एक डोळा काढून विचारलं.

"नवरदेव," मी म्हणाले. "आत आहे. तीन मिनिटांत बाहेर येईल."

"आत? मुलीच्या घरात? लग्नाआधी? करतोय काय तो?"

"कागदपत्रं."

"दिसायला कसा आहे?"

"येईलच ना. तोवर डोकी झाका, तो फार लाजतो. लल्ला गमरा, थोडं डावीकडे. हं, तिथे. ज़गरूता होऊ दे!"

झाला, बावीस गळ्यांचा. तो मावशीने ऐकला.

ती खुर्चीतून हलली नाही, शब्द दिलेला होता. खिडकीबाहेर बघितलं नाही. बोलली नाही. तिने कोरं पत्र उघडलं, त्याच्याकडे बघितलं, आणि तिचे ओठ थरथरू लागले. आपण वाढवलेल्या पोरीचं लग्न ठरलं, गल्लीला कळलं, आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही. डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. कॅमेऱ्याची चावी दर अर्ध्या मिनिटाला संपायची, हाशमी ती फिरवायचा, आणि मावशी रडायचं थांबायची नाही. सी तिजानी भिंतीला टेकून स्वतःच रडत होते.

रीळ संपलं. हाशमी कॅमेरा छातीशी धरून दारात आला. बायांशी एक वाक्य बोलताना त्याला घाम फुटायचा. बावीस जणींसमोर तो म्हणाला, "संपलं एकदाचं." त्यावर बदामांचा पाऊस पडला. सासियाने मारलेला एक त्याच्या बरोबर डोळ्यात बसला.

मावशीला सगळं समजावून सांगायला मला अख्खी संध्याकाळ लागली. ती हसली, मला एक लाटणं मारलं, पुन्हा हसली. "पण आता गल्लीला सांगू नकोस," म्हणाली. "बदाम परत द्यावे लागतील."

त्यामुळे मी चौदा महिने हाशमीची वाग्दत्त वधू होते. याचा मला फार फायदा झाला. होणाऱ्या नवऱ्याबरोबर फिरणाऱ्या मुलीला कॅमेरा घेऊन कुठेही जाता येतं. कुणी विचारत नाही.

आमच्या सिनेमाला मेळ्यात उजेडासाठी बक्षीस मिळालं. परीक्षकांनी कुठले दिवे वापरले म्हणून विचारलं, तेव्हा सी तिजानी म्हणाले, "ते आमचं गुपित आहे." पण त्यांनी शब्द पाळला, पुढचा सिनेमा माझा झाला. ते भूगोल शिकवतच निवृत्त झाले आणि शेवटपर्यंत ती रडण्याची पद्धत आपण शिकवली असं सांगत राहिले. लारबीचाचांचा धंदा मुलाने चालवला. अजूनही पहिली माळ दारावरच लागते. लल्ला गमराने बदामांचं ताट माझ्याकडून कधीच परत घेतलं नाही, कारण हाशमीचं लग्न अखेर तिच्याच सासियाशी झालं. तो लग्नांचे व्हिडिओ काढू लागला, चार-चार इतक्या भडक दिव्यांत, की नवऱ्या मुली डोळे मिटूनच त्यांत येत. मावशी १९८९ साली गेली. त्या वर्षीची हरीसा तिने घालून ठेवली होती, आम्ही ती पुढे दोन वर्षं पुरवून खाल्ली.

मी अकरा सिनेमे केले. आता पोरं चपटे, हलके दिवे घेऊन माझ्याकडे येतात, बटणावर उजेड कमी-जास्त करतात. छान आहेत. मी त्यांना कपाटातून मावशीची सफसारी काढून देते आणि उन्हात धरायला सांगते. एकच उरली आहे, त्यामुळे उजेड अर्ध्या गालावर पडतो.