एक प्लेट काहीही

आमच्या कोरियातल्या मिर्यांग गावात माणसाला काही विचारायची सोय नाही. चहा घेणार की कॉफी? काहीही. खिडकीपाशी बसणार की पंख्याखाली? कुठेही. मग कॉफी पुढे ठेवली की अशी हळूच बाजूला सरकवतात, की आपल्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. आधी आपली आवड सांगणारा माणूस हावरा, अशी आमच्याकडची शिकवण. लहानपणी आजीने तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय मी नासपतीचं फळ उचललं नाही, आणि दोनदा तर तिसऱ्यांदा विचारायच्या आतच माझ्या भावाने ते खाऊन टाकलं.

मी योम बुन-ओक. वय एकसष्ट, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी कॅनडात. बाहेरदेशातून इथे आलेल्यांना कोरियन शिकवते. त्या महिन्यात आमचा 'हे किंवा ते' हा धडा चालू होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, त्यातला प्रकार.

हा धडा आला की वर्गाची गाडी हमखास रुतते. दोन वस्तूंमधून एक निवडायची तर मध्ये 'ना' लावायचं. दोन कामांमधून निवडायचं तर 'गॉना'. अख्खी दोन वाक्यं समोरासमोर असली तर 'आनिम्यॉन'. आणि हे करा नाहीतर ते करा, माझं काय जातंय, असं म्हणायचं असलं तर 'दुन्जी'. चांदारा नावाचा कंबोडियाचा पोरगा, चांगला तिशीतला बाप्या आहे पण मला पोरगाच वाटतो, तो भाजीच्या मळ्यात राबून थेट वर्गात येतो. तो म्हणाला, बाई, आमच्याकडे एका शब्दात भागतं. मी म्हटलं, इथे नाही भागत, लिही. मग त्याने उदाहरण लिहिलं, 'रविवारी मी झोपतो किंवा झोपतो.' व्याकरणाने बरोबर होतं, काय बोलणार?

न्हुंग ही व्हिएतनामची, इथल्या घरात सून म्हणून आलेली. तिने लिहिलं, 'सासूला विचारलं, वांगं करू की भोपळा. सासू म्हणाली काहीही. वांगं केलं, रागावली.' पुढच्या ओळीत, 'भोपळा केला, रागावली.' मी तिला पूर्ण गुण दिले.

या धड्याची परीक्षा मी दरवेळी बांगमालकांच्या खानावळीत घेते. बाजाराच्या टोकाला त्यांचं चिनी जेवणाचं दुकान आहे. तिथे मुळात एकच प्रश्न असतो, काळ्या मसाल्याचे जाजांग नूडल्स खाणार की लाल तिखटजाळ जांपोंग. आमच्या अख्ख्या देशाला या प्रश्नाने घाम फुटतो. इतका, की कोणीतरी मधोमध भिंत घातलेला वाडगा काढला, इकडे काळं नि तिकडे लाल. बांगमालकांना त्या वाडग्याचा भयंकर राग. म्हणतात, माणसाला एक जेवण निवडता येत नसेल तर त्याने घरी भात खावा.

'काहीही' म्हणणाऱ्यांना तर ते वैरी समजायचे. चाळीस वर्षं तव्यासमोर उभं राहून रोज तेच ऐकल्यावर त्यांचं डोकं फिरलं आणि त्यांनी भिंतीवरच्या पाटीत सगळ्यात खाली एक पदार्थ वाढवला, 'काहीही'. आता मागा. पहिला सापडला तांदळाच्या गिरणीचा मालक कू. त्याने सवयीने काहीही म्हटलं आणि त्याच्यापुढे उकडलेल्या कोबीचा डोंगर आला, वर डब्यातल्या पीचची एक फोड. कूने तो सगळा खाल्ला. मागितलं आपणच, तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? जाताना छान होतं म्हणाला आणि पुढच्या आठवड्यात येऊन पुन्हा तेच मागितलं. बांगमालक दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

वर्ग सुटला की मी दुपारी त्यांच्याकडे जाते. त्या वेळी दुकान बंद असतं, ते कांदे सोलतात, मीही सोलते. ते विधुर, मी विधवा, मध्ये कांद्याचं पोतं. गावात सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त आम्हा दोघांना कोणी सांगितलं नव्हतं.

तर एका दुपारी कांदा सोलता सोलता ते म्हणाले की दुकानाच्या भाड्याची मुदत महिनाअखेर संपते आहे. जागा त्या कूचीच. त्याला विचारलं तर तो म्हणाला, ठेवा नाहीतर सोडा, तुमची मर्जी. आणि मुलगा ते-उक इंचॉनहून सारखा फोन करतोय, की बाबा, खोली रिकामी आहे, नातवंडं आहेत, आता तव्यापाशी किती दिवस भाजून घेणार, या इकडे. इंचॉन म्हणजे देशाचं दुसरं टोक. माझ्या हातातली सुरी थांबली.

मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "बाई, तुम्हाला काय वाटतं? राहावं की जावं?"

आता मला काय वाटत होतं ते सांगते. मला वाटत होतं की हा माणूस गेला तर माझ्या दुपारींचं काय करायचं? दुपारी तीन वाजता मी काय घरी बसून भिंतीशी बोलू? मला वाटत होतं, कुठे निघालात, गुमान बसा इथे. पण मी त्यांची कोण? बापाला लेकाकडे जाऊ नका म्हणायला मला कोणी हक्क दिला? भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. मी म्हटलं, "तुम्हाला बरं वाटेल ते करा. माझं काय, काहीही चालेल."

ते हं म्हणाले आणि पुढचा कांदा घेतला.

मला वाटलं होतं आता भडकतील. कूला कोबी खाऊ घालणारा माणूस! पण नाही, कांदे सोलत राहिले. चार दिवसांनी कळलं की त्यांनी मुलाला फोन करून सांगितलं, रविवारी ट्रक घेऊन ये. मी घरी जाऊन भांडी घासली, मग घासलेली भांडी पुन्हा घासली.

त्याच आठवड्यात परीक्षेसाठी वर्ग घेऊन गेले. ठरल्या वारी ठरलं काम, दुसरं काय करणार? मुलांनी झकास बोलून काळं-लाल मागवलं, मधे डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे मागवले. त्यांच्यासोबत आंबटगोड सॉस येतो. हा सॉस वरून ओतायचा की तुकडा त्यात बुडवून खायचा, यावर आमच्याकडे सख्खे भाऊ वेगळे जेवायला बसतात. चांदाराने वाडगा उचलून नव्या शब्दांत मला विचारलं, बाई, ओतू की बुडवूया? मला ओतलेलं मुळीच खपत नाही, सगळं लिबलिबीत होतं. मी म्हटलं, काहीही. त्याने आनंदाने सगळा सॉस ओतला.

मी एक तुकडा तोंडात धरून बसले होते, तेवढ्यात बांगमालक आतून आले. त्यांनी माझ्यापुढे कुरकुरीत तुकड्यांची वेगळी बशी ठेवली, सॉस बाजूला वाटीत. आणि आत निघून गेले. मला असा संताप आला म्हणून सांगू! डुकराच्या तुकड्यांच्या बाबतीत यांना माझ्या मनातलं सगळं कळतं, आणि जिथे कळायला हवं तिथे हं म्हणून कांदा सोलतात. मी ते तुकडे रागारागाने सगळे संपवले.

न्हुंग बघत होती. बाहेर पडल्यावर माझ्या बरोबरीने चालत म्हणाली, "बाई, तुम्ही अगदी माझ्या सासूसारखं करता. तोंडाने भोपळा म्हणता आणि चेहरा वांग्याचा असतो." मी म्हटलं, तुझं कोरियन फार सुधारलंय, आता तोंड बंद कर. ती म्हणाली, सासूही हेच म्हणते.

रविवारी सकाळी ट्रक आला. मदतीला म्हणून माझा अर्धा वर्ग हजर होता. चांदारासुद्धा, रविवारची झोप सोडून. ते-उक हा चाळिशीचा, गोलमटोल, सरळ माणूस आहे. त्याने शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि फ्रिजवर हात ठेवून बापाला विचारलं, हा न्यायचा की ठेवायचा? बांगमालक दारासमोरच्या पायऱ्यांवर बसले होते. दुसऱ्याच्या 'काहीही'वर चिडणारा हा माणूस म्हणाला, कसंही.

टेबलं? तुला वाटेल तसं. मोठी कढई? काहीही कर. खुर्च्या? हं.

तासाभरात ट्रकमध्ये एक स्टूल चढलं. मग ते-उकला वाटलं की बाबांच्या कसंही म्हणण्यात नको असा सूर होता, म्हणून ते उतरवलं. मग वाटलं, सूर हो असा होता, पुन्हा चढवलं. ट्रकवाला खाली उतरून सिगारेट ओढायला लागला. कू गिरणीवाला जागा ताब्यात घ्यायला आला होता, त्याला चांदाराने विचारलं, तुम्हाला चावी आत्ता हवी की नंतर. तो म्हणाला, केव्हाही. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी खांबाला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, जाऊ दे, निघून जा, एकदाचे निघा.

शेवटी ते-उक घाम पुसत माझ्यासमोर आला. रडकुंडीला आला होता बिचारा. म्हणाला, "काकू, मी या माणसाच्या घरात वाढलोय. लहानपणापासून मला एका प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही. तुम्ही भाषेच्या बाई ना, तुम्ही तरी एक काहीतरी धड सांगा. फ्रिज नेऊ की ठेवू?"

मला काय झालं कोण जाणे. बहुधा तो रडवेला चेहरा बघून दया आली. मी म्हटलं, "ठेवा."

त्याच्या चेहऱ्यावर केवढं समाधान पसरलं! टेबलं? म्हटलं, ठेवा. कढई? कढई कशाला नेता, ठेवा. जिभेला चव लागल्यासारखं झालं मला. खुर्च्या ठेवा, भांड्यांची फळी ठेवा, ते स्टूल आधी उतरवा. पोरं धावत वस्तू जागेवर लावायला लागली. चांदारा माझ्या प्रत्येक 'ठेवा'पाठोपाठ मोठ्याने 'ठेवा' म्हणत होता, त्याला वाटलं उजळणी चालली आहे. ते-उक खुशीत मान डोलावत एकेका वस्तूवर हात ठेवत पुढे निघाला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला नीट उत्तरं देत होतं.

दुकानातली शेवटची बरणी झाली, तेव्हा तो ट्रककडे वळला. ट्रक रिकामा. त्याने रिकाम्या ट्रककडे पाहिलं, भरलेल्या दुकानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, काकू, मग मी नेऊ काय? मी म्हटलं, तुमच्या पोरांसाठी पिवळ्या मुळ्याचं लोणचं न्या.

तो मंद नाही. थोडा वेळ लागतो एवढंच. त्याने पायऱ्यांवर बसलेल्या बापाकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "आणि बाबा?"

ट्रकवाल्याची सिगारेटही थांबली. बांगमालक आपल्या चपलांकडे बघत होते. मला आजीचा आवाज ऐकू आला की आधी मागते ती हावरी. असू दे हावरी. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत.

"बाबापण ठेवा," मी म्हटलं. "मला हवे आहेत."

न्हुंगने माझा हात धरला. ते-उक बापापुढे जाऊन उकिडवा बसला. म्हणाला, बाबा, ऐकलंत ना, आता तुम्ही सांगा, राहणार की येणार. आणि लगेच डोळे मिटून घेतले, कारण पुढे काय ऐकू येणार ते त्याला लहानपणापासून पाठ होतं.

बांगमालकांनी मान वर केली. मुलाकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाले, "राहणार."

ते-उकने डोळे उघडले. त्याने बापाला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला, आणि तिसऱ्यांदाही लावला. बांगमालकांनी तिन्ही वेळा तेच सांगितलं, आणि मी तिथेच सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडले.