कोपरा घासलेली डाय

जेवणाच्या सुट्टीत चाकणजवळच्या निघोजे गावातल्या शेडमधली पत्रा दाबायची प्रेस थांबली, तरी तिचा ठोका कौशल्याबाईंच्या अंगात चालूच राहायचा. त्या ठोक्यावरच त्यांनी नातीला सुनावलं, "माशांची अंडी बघायला बंगळूरला जाणार म्हनं! तुझी थोरली बहीण करिष्मा आपल्या कारखान्यात बसतीया, तिचं काय वाईट झालं?"

संशोधनाची जागा घेते की नाही, हे दिव्याला संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं; आणि आजीच्या होकाराशिवाय या घरातलं कुणी उंबरा ओलांडत नसे.

"ताई बसलीय, म्हणून तर मी मोकळी आहे."

"मोकळी म्हंजी उंडगी!"

दिव्या हसली. भिंतीशी पत्र्याला आकार देणारे दोन पोलादी साचे होते, एक मूळ डाय आणि एक तिची नक्कल. "आजी, अंगातही असेच साचे असतात, जनुकं. डोकं कुठं, फासळ्या कुठं, ते ठरवणारी. लई वर्षांपूर्वी त्यांच्या चुकून नकला झाल्या. मूळ जनुक जुनं काम करत राहिलं, म्हणून नकलेला चुकायची मुभा मिळाली. बहुतेक नकला गंजल्या. एखादीला नवंच काम सापडलं. तेच मी माशांच्या अंड्यांत बघणार."

कौशल्याबाईंनी डोळे मिटले. तेलाच्या वासात डाय हलल्या. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. कितीतरी लाल भुगा होऊन सांडल्या. एकीला मात्र पर फुटले आणि ती शटरखालच्या उजेडातून चाकणच्या धुळीत पोहत निघाली. तिनं वळून पाहिलं. डोळे दिव्याचे होते.

त्यांना आपले मालक, दिव्याचे आजोबा सयाजीराव आठवले. बारा वर्षांपूर्वी ते देहूरोडला गेलेले असताना धार लावता लावता बाईंच्या हातून नकलेचा कोपरा उडाला होता. मूळ डाय चालू होती, म्हणून काम अडलं नाही. पुढं त्या नकलेनं दाबलेला, भंगारात टाकलेला पत्र्याचा वाकडा तुकडा कंपनीच्या साहेबाला आवडला आणि आज निम्मी शेड त्याच्यावर चालते. 'मीच डोकं लावलं,' असं बाई गावभर सांगत आल्या होत्या. खंडेनवमीला पहिलं कुंकू त्याच डायला.

त्यांनी डोळे उघडले. "दिवे, त्यो कोपरा मी मुद्दाम न्हवता घासला. चुकला हात. मालकास्नीबी कधी सांगितलं न्हाई."

दिव्यानं भिंतीशी वाकून नकलेचा तो कोपरा बघितला.

"बघती काय? कळीव त्या बंगळूरवाल्यास्नी, येती म्हनून." बाईंनी पिशवीतली खोबरेलाची बाटली काढून तिच्या टाळूवर उपडी केली. "आन् तिकडं तेल लावत जा डोक्याला. गंजशील, भवाने."